साहिबसिंग सोखी: परळच्या प्रयोगशाळेतून पिंपरीच्या कारखान्यापर्यंत

फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचल प्रदेशातील सिमला जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, हाटकोटी परिसरात, एका कुटुंबातील व त्याच्या नात्यातील माणसे एकामागून एक तापाने व खोकल्याने आजारी पडू लागली. थुंकीतून रक्त पडत होते. काही रुग्णांना रोहडू व सिमला येथील रुग्णालयांत ठेवण्यात आले, तर काहींना उपचारांसाठी थेट चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे सर्वत्र पीजीआय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयात आणण्यात आले. तपासणीअंती आजाराचे निदान झाले ते फुफ्फुसाच्या प्लेगचे. एकूण १६ जणांना लागण झाली आणि त्यांतील ४ जण दगावले. शिकारीत मिळालेल्या रानमांजराची कातडी सोलताना पहिल्या रुग्णाला संसर्ग झाला असावा, असा निष्कर्ष पुढे काढण्यात आला.

सोळापैकी चौघांचा मृत्यू ही दुःखदच घटना होय. तथापि, उपचार न मिळाल्यास फुफ्फुसाच्या प्लेगमधून जवळजवळ कोणीही वाचत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे उरलेले बारा जण वाचले याचे महत्त्व कळते. प्लेगच्या रुग्णासाठी कोणते औषध निवडावे, हे आज डॉक्टरांना पाठ्यपुस्तकातून चटकन कळते. स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिन, ते नसल्यास डॉक्सिसायक्लिन अथवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन. पेनिसिलिन मात्र नाही. ही यादी आपोआप तयार झालेली नाही. एका औषधाशेजारी दुसरे औषध ठेवून, सारख्याच रुग्णांवर त्यांचा परिणाम मोजण्याचे काम जगात काही मोजक्या ठिकाणी झाले. त्यांतील एक महत्त्वाचे ठिकाण म्हणजे मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्था, आणि तेथे हे काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले ते संचालक म्हणजे मेजर जनरल सर साहिबसिंग सोखी. योगायोग असा की, ते मूळचे पंजाबचेच.

सोखी यांचा जन्म १८८७ च्या डिसेंबरमध्ये झाला. ते आठ वर्षांचे असताना, १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी बंदर परिसरात प्लेगने प्रवेश केला. मराठी वाचकांना या साथीची आठवण वेगळ्या कारणांनी असते. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जून महिन्यात चाफेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली. परंतु मृतांच्या संख्येचा विचार केला, तर या साथीचा सर्वांत मोठा आघात पुढे पंजाब प्रांतावर झाला. एकट्या १९०७ या वर्षात त्या प्रांतात सहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने मेली. सोखी तेव्हा एकोणीस वर्षांचे होते.

पंजाबातील आणखी एका घटनेची छाया पुढे त्यांच्या कार्यक्षेत्रावर पडलेली होती. १९०२ मध्ये मलकोवाल या गावी प्लेगची लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते दगावले. ही लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन हे मूळचे ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ. त्यांनी मुंबईत ही लस शोधून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. मलकोवालनंतर त्यांच्यावर ठपका ठेवून त्यांना पदावरून दूर करण्यात आले. दोष लसीचा नसून एका बाटलीचे बूच उघडताना झालेल्या हलगर्जीचा होता, हे पुढे सिद्ध झाले आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पण त्यांच्या उमेदीची वर्षे निघून गेली होती. औषध चांगले की वाईट हे ठरवताना पुरावा किती काटेकोरपणे तपासावा लागतो, याचे याहून बोलके उदाहरण भारतीय वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

सोखी यांनी एडिंबरा विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली आणि १९१३ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. ही सेवा त्या काळी प्रामुख्याने इंग्रज डॉक्टरांची होती आणि तिचे स्वरूप लष्करी होते. म्हणूनच आयुष्यभर प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या माणसाच्या नावामागे मेजर जनरल ही उपाधी आली. पहिल्या महायुद्धातील सेवेनंतर त्यांनी आपले लक्ष जीवरसायनशास्त्राकडे वळवले. रोगाकडे त्यातील रसायनांच्या बाजूने पाहण्याची ही दृष्टी त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

ज्या संस्थेत त्यांचे नाव झाले तिचा इतिहासही थोडा सांगायला हवा. परळ येथील जुन्या गव्हर्नर निवासात १८९९ मध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. १९०६ मध्ये तिला मुंबई जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा असे नाव मिळाले आणि १९२५ मध्ये हाफकिन यांच्या सन्मानार्थ तिचे नामकरण हाफकिन संस्था असे करण्यात आले. १९३२ मध्ये सोखी तिचे संचालक झाले. या पदावर आलेले ते पहिलेच भारतीय. १९४० च्या दशकाअखेरपर्यंत, सुमारे सतरा वर्षे, त्यांनी ही धुरा वाहिली.

संचालक झाल्यावर त्यांनी हाती घेतलेले पहिले मोठे काम म्हणजे खुद्द हाफकिन यांच्या लसीची फेरतपासणी. लस लाखो लोकांना टोचली जात होती, ती उपयोगी होती यातही शंका नव्हती; परंतु एका खेपेची लस दुसऱ्या खेपेच्या लसीइतकीच प्रभावी आहे की नाही, हे मोजण्याची खात्रीशीर पद्धत नव्हती. सोखी यांनी यासाठी पांढऱ्या उंदरांचा आधार घेतला. एकाच प्रकारचे उंदीर वाढवायचे, त्यांच्या काही गटांना निरनिराळ्या मात्रेत लस द्यायची, नंतर सर्वांना प्लेगच्या जंतूंची सारखीच प्राणघातक मात्रा टोचायची आणि किती उंदीर जगतात हे मोजायचे, अशी ती पद्धत. सांगायला ती सोपी वाटते. प्रत्यक्षात उंदरांची जात, त्यांचे वय, वजन, जंतूंची तीव्रता यांपैकी एक गोष्ट जरी बदलली तरी सारा हिशोब चुकतो. या गोष्टी स्थिर ठेवण्यासाठीच कित्येक वर्षे खर्ची पडली. जंतू वाढवण्यासाठी मांसाच्या अर्काऐवजी दुधातील केसीन या प्रथिनापासून तयार केलेले माध्यम वापरण्याची पद्धतही या संशोधनातून पुढे आली. सोखी यांचे हे काम १९३० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाले आणि प्लेगच्या लसीची ताकद मोजण्याचा तो एक आधार बनला.

हा तपशील येथे विस्ताराने देण्याचे कारण असे की, औषधांची तुलना करण्याची वेळ आली तेव्हा परळच्या संस्थेकडे मोजपट्टी आधीच तयार होती.

आणि ती वेळ लवकरच आली. १९३५ मध्ये जर्मनीत प्रॉन्टोसिल या रंगद्रव्याचा जंतुनाशक गुण जाहीर झाला आणि सल्फा औषधांचे युग सुरू झाले. ही औषधे बुरशीपासून वा अन्य सूक्ष्मजीवांपासून मिळत नाहीत, ती रसायनशाळेत तयार होतात. त्यामुळे काटेकोर अर्थाने त्यांना प्रतिजैविके म्हणत नाहीत. रुग्णाच्या दृष्टीने मात्र शरीरातील जंतूंना आवर घालणारे ते पहिलेच प्रभावी औषध होते. १९३८ मध्ये इंग्लंडमधून सल्फापायरिडिन हे औषध बाजारात आले आणि न्यूमोनियावर त्याचा गवगवा झाला. पाठोपाठ सल्फाथायाझोल आले. प्लेगवर यांतील कोणते अधिक चालेल, याचे उत्तर युरोप किंवा अमेरिकेत शोधण्याची तातडी कोणाला नव्हती, कारण त्यांच्याकडे प्लेग उरलेला नव्हता. ज्यांच्याकडे रोग होता त्यांनाच हा प्रश्न सोडवणे भाग होते.

सोखी आणि त्यांचे सहकारी डॉ. बी. बी. दीक्षित यांनी उंदरांवरील प्रयोगांतून सल्फाथायाझोल प्लेगच्या संसर्गावर गुणकारी असल्याचे दाखवले आणि त्यांचा निबंध १९४० मध्ये लॅन्सेट या इंग्लंडमधील नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सल्फापायरिडिनच्या तुलनेत सल्फाथायाझोल सरस ठरले. डॉ. के. गणपती हे संस्थेतील रसायनतज्ज्ञ या गटातील संयुगांवर काम करीत होते, तर डॉ. पी. एम. वागळे यांनी प्रत्यक्ष रुग्णांवरील उपचारांची जबाबदारी उचलली. या चौघांच्या नावे प्लेगवरील रासायनिक उपचारांचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. यांतील दीक्षित हे पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

उंदरावर जे औषध चालते ते माणसावर चालेलच असे नाही आणि माणसावरील तुलना उंदरांइतकी सरळ नसते. प्लेगचा रुग्ण खेड्यातून बैलगाडीने येणार; कोणी दुसऱ्या दिवशी, कोणी पाचव्या दिवशी. ज्याच्या जांघेत वा काखेत केवळ गाठ आली आहे त्याची वाचण्याची शक्यता बरी असते, परंतु जंतू रक्तात पसरले असतील तर ती फारच कमी होते. एका औषधाच्या वाट्याला लवकर आलेले रुग्ण गेले आणि दुसऱ्याच्या वाट्याला उशिरा आलेले गेले, तर पहिले औषध उगाचच चांगले ठरते. म्हणून रुग्ण दाखल होतानाच त्याचे रक्त तपासून जंतू आहेत की नाहीत याची नोंद करणे आणि गट तुल्यबळ ठेवणे आवश्यक असते. आज ज्याला नियंत्रित चाचणी म्हणतात तिचे पक्के नियम तेव्हा जगात कोठेच रूढ झालेले नव्हते. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची सुप्रसिद्ध ब्रिटिश चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली, हे लक्षात घेतले म्हणजे परळच्या मंडळींच्या प्रयत्नांचे मोल कळते.

औषध न घेतलेल्या गाठीच्या प्लेगच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण मरत. सल्फा औषधांनी हे प्रमाण बरेच खाली आणले. तरीही त्यांना मर्यादा होत्या. फुफ्फुसाच्या प्लेगपुढे ती निष्प्रभ ठरत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोन नवी नावे जगभर दुमदुमू लागली, ती म्हणजे पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन. दोन्ही खरी प्रतिजैविके. पहिले बुरशीपासून आणि दुसरे मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळणारे. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात १९४३ मध्ये अल्बर्ट शॅट्झ आणि सेलमन वॅक्समन यांच्या संशोधनातून स्ट्रेप्टोमायसिन हाती आले. सामान्य लोकांच्या मनात ही दोन्ही औषधे जादूची इंजेक्शने म्हणून एकाच पंक्तीत बसली, आणि आजही अनेकांच्या मनात सारी प्रतिजैविके तशीच एका पंक्तीत बसलेली असतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. पेनिसिलिन जंतूची भिंत बांधण्याचे काम बिघडवते. न्यूमोनियाचे अनेक जंतू, उपदंश, जखमांतील पू यांवर त्याचा प्रभाव विलक्षण पडतो. परंतु प्लेगच्या जंतूच्या भिंतीबाहेर आणखी एक आवरण असते आणि या रोगावर पेनिसिलिनचा भरवसा धरता येत नाही. स्ट्रेप्टोमायसिन जंतूच्या आत शिरून प्रथिने बनवण्याची त्याची यंत्रणा बंद पाडते. क्षय आणि प्लेग या भारताला छळणाऱ्या दोन्ही रोगांवर ते उपयोगी पडले.

१९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातील प्लेगच्या रुग्णांवर स्ट्रेप्टोमायसिनचा वापर सुरू झाला आणि सल्फाहून ते सरस असल्याचे स्पष्ट झाले. फुफ्फुसाच्या प्लेगचा रुग्णसुद्धा, पहिल्या दिवसातच औषध मिळाले तर, वाचू लागला. अर्थात या औषधालाही दोष आहेत. ते गोळीने देता येत नाही, इंजेक्शनच द्यावे लागते. जास्त दिवस दिल्यास कानाच्या आतील नाजूक भागाला इजा होऊन बहिरेपण येऊ शकते, तोल जातो. एकट्याने वापरले तर क्षयाचे जंतू त्याला पाहता पाहता दाद देईनासे होतात. सर्वात मोठा दोष मात्र वैद्यकीय नव्हता. हे औषध भारतात तयार होत नव्हते, आणि पेनिसिलिनही नव्हते.

सोखी यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध या एका अडचणीभोवती फिरतो. पण तिकडे वळण्यापूर्वी त्यांच्या घराकडे पाहणे अगत्याचे आहे, कारण महाराष्ट्रातील अनेकांना सोखी हे आडनाव माहीत आहे ते औषधांमुळे नव्हे, नृत्यामुळे.

सोखी यांच्या पत्नी लीला सोखी या माहेरच्या रॉय, बंगाली कुटुंबातील. रंगमंचावर त्या मेनका या नावाने ओळखल्या जात. ज्या काळात प्रतिष्ठित घरातील स्त्रीने नृत्य करणे निंद्य मानले जाई, त्या काळात एका लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीने कथ्थक शिकून स्वतःची नृत्यमंडळी उभी केली. १९३६ ते १९३८ या काळात या मंडळींनी युरोपचा दीर्घ दौरा केला आणि बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या नृत्यस्पर्धेत त्यांचा गौरव झाला. खंडाळ्याला मेनका यांनी नृत्यालयम् ही संस्था काढली. त्यांच्या शिष्यांपैकी मराठी माणसाला सर्वांत जवळचे नाव म्हणजे दमयंती जोशी. १९२८ मध्ये मुंबईत जन्मलेली ही मुलगी सोखी दांपत्याच्या घरातच लहानाची मोठी झाली आणि दहा वर्षांच्या आसपास असतानाच मंडळींबरोबर युरोपला गेली. पुढे १९७० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकाच घरात एकीकडे प्लेगच्या उंदरांचे तक्ते आणि दुसरीकडे तबल्याचे बोल, असे ते घर असले पाहिजे. १९४७ मध्ये मेनका यांचे निधन झाले.

देश स्वतंत्र होण्याआधीच सोखी सार्वजनिक प्रश्नांत उतरले होते. काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने १९३८ मध्ये जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन झाली. तिच्या आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्षपद सोखी यांच्याकडे आले. सरकारी लष्करी सेवेतील अधिकाऱ्याने काँग्रेसच्या समितीचे काम करावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. या उपसमितीने दर हजार लोकवस्तीमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा अशी शिफारस केली. खेड्यातीलच माणसाला प्रथमोपचार आणि साध्या आजारांवरील उपचार शिकवावेत, ही त्यामागील कल्पना. अनेक दशकांनंतर आलेल्या आशा कार्यकर्त्यांच्या योजनेतही हजार हाच आकडा आढळतो. माणसांच्या वा जनावरांच्या औषधांवर कोणाही व्यक्तीची किंवा कंपनीची पेटंटची मक्तेदारी असू नये, अशी भूमिकाही उपसमितीने घेतली होती. त्या काळी ही मागणी टोकाची वाटली असल्यास नवल नाही.

१९५० च्या सुमारास सोखी जागतिक आरोग्य संघटनेचे सहायक महासंचालक म्हणून जिनिव्हात होते. पेनिसिलिनचे तंत्र अमेरिकन व ब्रिटिश कंपन्यांच्या हाती होते. गरीब देशांनी ते विकत घ्यायचे म्हटले तर किंमत मोठी आणि अटी जाचक. यावर तोडगा निघाला तो वेगळाच. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ या दोन्ही संस्थांनी भारताला सरकारी मालकीचा पेनिसिलिन कारखाना उभारण्यासाठी मदत करायचे ठरवले. यंत्रसामग्री युनिसेफने द्यायची, तज्ज्ञ आणि प्रशिक्षण आरोग्य संघटनेने पुरवायचे, आणि मिळालेले ज्ञान गुपित न ठेवता इतर देशांनाही खुले करायचे. १९५१ मध्ये तसा करार झाला. या विचाराच्या पाठीराख्यांत सोखी अग्रभागी होते.

कारखान्यासाठी जागा निवडली गेली ती पुण्याजवळील पिंपरी येथे. तेव्हा ते मुंबई-पुणे रस्त्यावरचे एक लहानसे गाव होते. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक विस्ताराची ती नांदीच ठरली. कंपनीच्या वसाहतीत वाढलेल्या पिढ्यांना एच. ए. ही दोन अक्षरे आजही पत्त्यासारखी परिचित आहेत. १९६० च्या दशकाच्या आरंभी येथेच स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. त्याचे तंत्र मात्र अमेरिकेच्या मर्क कंपनीकडून घेण्यात आले. ज्या दोन औषधांची तुलना एकेकाळी आयात केलेल्या बाटल्यांवर करावी लागे, ती दोन्ही आता एकाच आवारात बनत होती.

सोखी यांना परदेशी कंपन्यांशी केलेले करार रुचत नसत. कंपनी कृती देते पण त्यामागचे शास्त्र देत नाही, असे त्यांचे मत होते. १९५२ ते १९५६ या काळात ते राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते. त्या पहिल्याच तुकडीत काकासाहेब कालेलकर, रुक्मिणीदेवी अरुंडेल, सत्येंद्रनाथ बोस आणि पृथ्वीराज कपूर अशी मंडळी होती. शास्त्रज्ञांच्या संघटनांत आणि शांतता चळवळीत ते सक्रिय होते, आणि औषधनिर्मितीसाठी सोव्हिएत संघाची मदत घ्यावी याचा त्यांनी जोरदार पुरस्कार केला. १९५३ मध्ये त्यांना स्टालिन शांतता पुरस्कार मिळाला. एकेकाळी ब्रिटिश सरकारने सर हा किताब दिलेल्या अधिकाऱ्याला हा पुरस्कार मिळावा, हा काळाचा एक विलक्षण खेळच. सोव्हिएत व्यवस्थेवरील त्यांचा विश्वास आज वाचताना भाबडा वाटतो. जीवशास्त्रात त्या व्यवस्थेने आपल्याच शास्त्रज्ञांवर कोणता प्रसंग आणला होता, हे त्या काळीही अज्ञात नव्हते. औषधांच्या बाबतीतील त्यांचा हिशोब मात्र चुकीचा नव्हता. १९६१ मध्ये सोव्हिएत सहकार्याने इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स ही कंपनी स्थापन झाली आणि ऋषिकेशला प्रतिजैविकांचा व हैदराबादला रासायनिक औषधांचा कारखाना उभा राहिला. या कारखान्यांत काम शिकलेले अनेक तंत्रज्ञ पुढे खाजगी औषध उद्योगाचा कणा बनले.

१९७० मध्ये संसदेने नवा पेटंट कायदा संमत केला. औषधाच्या पदार्थावर पेटंट न देता केवळ ते बनवण्याच्या पद्धतीवर द्यावे, अशी त्यात तरतूद होती. तीन दशकांपूर्वी नियोजन समितीच्या उपसमितीने मांडलेली मागणी पूर्णपणे नव्हे, तरी बऱ्याच अंशी मान्य झाली. भारतीय कंपन्यांची स्वस्त औषधे जगभर जाऊ लागली ती या कायद्यामुळे. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार कराराला अनुसरून पदार्थावरील पेटंट पुन्हा लागू झाले. सोखी यांना या कायद्याचे परिणाम पाहता आले नाहीत. १९७० चा कायदा अमलात येण्यापूर्वी, ऑक्टोबर १९७१ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूच्या वेळी भारतातून प्लेग गेला असेच मानले जात होते. १९६६ नंतर एकही रुग्ण नोंदला गेला नव्हता. ही शांतता अठ्ठावीस वर्षे टिकली. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली. लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यांत खाजगी डॉक्टरही होते. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून पाहता पाहता नाहीशा झाल्या. ज्याला गरज नाही त्यानेही त्या गिळल्या. सुमारे पन्नास माणसे दगावली. औषध अस्तित्वात होते, देशात तयारही होत होते, तरीही ते योग्य माणसापर्यंत योग्य वेळी पोहोचवण्याची व्यवस्था त्या आठवड्यात कोलमडली. आठ वर्षांनी हाटकोटीत साथ आली तेव्हा संपर्कातील लोकांना शोधून प्रतिबंधक औषधे देण्याचे काम त्वरेने झाले आणि ती त्या भागातून बाहेर पडली नाही.

औषधांची तुलनाही थांबलेली नाही. टांझानियात झालेल्या एका चाचणीत जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि डॉक्सिसायक्लिनची गोळी यांची तुलना करण्यात आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखाच होता. ६५ रुग्णांपैकी जेंटामायसिनच्या गटात ९४ टक्के आणि डॉक्सिसायक्लिनच्या गटात ९७ टक्के रुग्ण बरे झाले. २०२५ मध्ये मादागास्करमधील मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात केवळ सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या घेणारे आणि आधी इंजेक्शन व नंतर गोळ्या घेणारे, असे गाठीच्या प्लेगचे दोन गट होते. केवळ गोळ्यांचा उपचार कमी प्रतीचा ठरला नाही. ज्या खेड्यात दिवसातून दोनदा इंजेक्शन द्यायला परिचारिका नाही, तेथे या निष्कर्षाला किती किंमत आहे हे सोखी यांच्या उपसमितीला वेगळे सांगावे लागले नसते. मात्र त्याच मादागास्करमध्ये १९९५ साली एका रुग्णाच्या शरीरात स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि सल्फा या सगळ्यांना दाद न देणारा प्लेगचा जंतू सापडला होता. असे जंतू अद्याप विरळा आहेत.

पिंपरीचा कारखाना १९९० च्या दशकापासून आर्थिक गर्तेत सापडला. ऋषिकेशच्या कारखान्याची मालकी असलेली कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने डिसेंबर २०१६ मध्ये घेतला. पेनिसिलिनचा मूळ पदार्थ चीनमधून स्वस्तात येऊ लागल्यावर देशातील त्याचे उत्पादनच थांबले आणि अनेक प्रतिजैविकांच्या कच्च्या मालासाठी भारत पुन्हा आयातीवर विसंबू लागला. २०२० च्या कोरोना साथीत हे अवलंबित्व किती महागात पडू शकते याची जाणीव झाल्यावर सरकारने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना जाहीर केली. तिच्या आधारे आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथे एका खाजगी कंपनीने उभारलेला पेनिसिलिन-जीचा कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला.